युद्धाचं मूळ 'मनात' म्हणजे नेमकं कुठे? अभ्याससत्रासाठी मदत हवी

पारंबी

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात दोन तासांचं सत्र ठरलंय. विषय: माणसाची जाणीव कशी घडत गेली आणि युद्धाची मुळं मनात कुठे आहेत. वीस-बावीस जण असतात. त्यात शिक्षक आहेत, कॉलेजची मुलं आहेत, दोन निवृत्त फौजीही आहेत. टिपण माझ्याकडे आहे.

युनेस्कोच्या १९४५ च्या घटनेत सुरुवातीलाच म्हटलंय की युद्धं माणसांच्या मनात सुरू होतात. हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं, पण मनात म्हणजे कुठे? रागात, भीतीत, हुकूम पाळायच्या सवयीत, की 'आपले' आणि 'ते' या भेदात? मला अडलेलं असं:

१. सर्वात जुना हाडांचा पुरावा कोणता, आणि त्यावर किती भिस्त ठेवावी?
२. 'माणूस मुळातच हिंसक' आणि 'शेती आल्यावर युद्ध आलं' या दोन्ही बाजू तितक्याच ठासून मांडल्या जातात. खरं काय धरायचं?
३. जाणिवेच्या उत्क्रांतीचा युद्धाशी संबंध आहे की आपण उगाच जोडतोय?
४. सत्रात प्रत्यक्ष करून दाखवता येईल असं काही आहे का?

घोडनदी

हाडांपुरतं मी सांगतो.

खून, टोळीचा छापा आणि युद्ध या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे सत्राच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहा. हाड फक्त एवढंच बोलतं की या माणसावर वार झाला. वार भावाने केला की परक्याने, ते हाडावर लिहिलेलं नसतं. एका फुटक्या कवटीवरून युद्ध सिद्ध करणारा लेख दिसला तर तो बाजूला ठेवा. एकाच जागी, एकाच काळातले अनेक जण, वारांची तऱ्हा सारखी आणि मेलेल्यांत पोरंबाळंही असतील, तर गटाने गटावर हल्ला केल्याचा विचार सुरू होतो.

जखम वाचायची कशी, ते थोडक्यात. जिवंतपणी झालेल्या जखमेच्या कडा काही आठवड्यांत गोलसर होतात, नवं हाड धरतं. मरतेवेळी झालेल्या जखमेत हे भरणं दिसत नाही, पण हाड ओलं असल्यामुळे कड धारदार आणि तिरपी तुटते आणि तुटल्या जागेचा रंग आजूबाजूच्या हाडासारखाच असतो. मातीत शेकडो वर्षं पडून वाळलेलं हाड मात्र खडबडीत, काटकोनात तुटतं आणि आत फिकट दिसतं. कुदळीने झालेले किती तरी 'खून' या एका खुणेमुळे रद्द झालेत. हाताचंही तसंच. घसरून पडणारा माणूस तळहातावर पडतो, तेव्हा मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. डोक्यावर येणारा वार अडवायला हात आडवा धरला, तर करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडतं आणि शेजारचं शाबूत राहतं. पडण्याने कवटीला होणाऱ्या जखमा बहुधा टोपीच्या कडेच्या रेषेत किंवा तिच्या खाली असतात, काठीच्या तिच्या वर. हे सगळे कल आहेत, शिक्का नव्हे.

आता ठिकाणं. सुदानमधलं जेबेल सहाबा हे नाव प्रत्येक पुस्तकात येतं. नाईलकाठची ही दफनभूमी अस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९६० च्या दशकात फ्रेड वेंडॉर्फ यांच्या पथकाने खोदली. ६१ सांगाडे, वय किमान १३,४०० वर्षं. पुढची पन्नासेक वर्षं 'जगातली पहिली लढाई' म्हणून ती सांगितली गेली. २०२१ मध्ये त्याच हाडांची सूक्ष्मदर्शकाखाली फेरतपासणी झाली. ६१ पैकी ४१ जणांवर जखमा निघाल्या, आणि खरी किल्ली पुढच्या आकड्यात आहे: १६ जणांच्या अंगावर भरलेल्या आणि न भरलेल्या अशा दोन्ही जखमा होत्या. म्हणजे एकदा वाचले आणि पुन्हा कधीतरी सापडले. एका दिवसाची लढाई नव्हे, वर्षानुवर्षं अधूनमधून पडणारे छापे. माझ्या मते हे लढाईपेक्षा जास्त भयंकर आहे, कारण तिथे मूल होऊन जन्माला येणं म्हणजे पुढच्या छाप्याची वाट बघत मोठं होणं होतं.

केनियातलं नातारुक (सुमारे १०,००० वर्षं, किमान २७ जण, २०१६ मध्ये प्रसिद्ध) जपून वापरा. शोधणाऱ्यांच्या मते जागेवर नीट सापडलेल्या १२ सांगाड्यांपैकी १० वर हिंसक मृत्यूच्या खुणा आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी हरकत घेतली की काही कवट्या मातीच्या दाबाने फुटल्या असाव्यात. मूळ गटाने उत्तर दिलं. एका कवटीत रुतलेलं काचदगडाचं पातं मात्र मातीच्या दाबाने आत शिरत नाही.

वाद कमी आहे तो जर्मनीतल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांबद्दल. ताल्हाइमला एका खड्ड्यात ३४ जण, त्यात १६ मुलं, बऱ्याच जणांच्या डोक्याच्या मागे दगडी वाकसाचे घाव. शोनेक-किलियानश्टेटनला किमान २६ जण, नडगीची हाडं ठरवून मोडलेली, आणि मेलेल्यांत तरुण बायका जवळजवळ नाहीत. त्या पळवून नेल्या असाव्यात हा अंदाज हाडांवरून नव्हे, हाडांच्या गैरहजेरीवरून आहे.

तटबंदी दिसली की युद्ध धरू नका. जेरिकोची सुमारे दहा हजार वर्षं जुनी भिंत पुराच्या गाळापासून वाचायला बांधली असावी, असं ओफर बार-योसेफ यांनी १९८६ मध्ये मांडलं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण भीमबेटका. वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये या गुहा उजेडात आणल्या, पुढे डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. जुन्या, मध्याश्मयुगीन चित्रांत शिकार, नाच, मध काढणं. वरच्या, ऐतिहासिक काळातल्या थरात घोडेस्वार, ढाली, तलवारी. फोटो दाखवायला उत्तम. मात्र चित्रात नव्हतं म्हणजे जगण्यात नव्हतं, असं म्हणू नका.

सांधा

दुसऱ्या प्रश्नाचं. 'मुळात हिंसक की मुळात शांत' असं विचारलं की उत्तर चुकणारच, कारण आक्रमकता एक नाही. दोन आहेत.

मांजराकडे बघा. कुत्रा समोर आला की पाठ कमान होते, केस उभे, फिस्कारणं, नखं बाहेर. हेच मांजर उंदरावर टपलं की केस बसलेले, आवाज नाही, पोट जमिनीला टेकलेलं, नजर स्थिर. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत मांजराच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला मधल्या भागात विजेचा सौम्य झटका दिला की पहिली तऱ्हा दिसायची, बाजूच्या भागात दिला की दुसरी. वाटा वेगळ्या. पहिलीला उसळती म्हणू, दुसरीला योजलेली.

माणसाचं वैशिष्ट्य असं की उसळती त्याच्यात फार कमी आणि योजलेली फार जास्त आहे. रिचर्ड रँगम यांनी ही मांडणी सविस्तर केली आहे. आषाढीला लाखो अनोळखी माणसं अठरा-वीस दिवस खेटून चालतात, दर्शनबारीत तासन्‌तास उभी राहतात आणि रक्तपात होत नाही. चिंपांझींचे दोन गट असे एका रांगेत उभे करणं कल्पनेतही शक्य नाही. पण ठरवून, बेत आखून, शांत डोक्याने मारण्यात आपल्याइतका तरबेज दुसरा प्राणी नाही. 'मुळात शांत' म्हणणारे पहिलीकडे बोट दाखवतात, 'मुळात हिंसक' म्हणणारे दुसरीकडे. दोघांचाही पुरावा खरा असतो.

चिंपांझी: टांझानियातल्या गोम्बेत १९७४ ते १९७८ या काळात कासाकेला गटाच्या नरांनी फुटून निघालेल्या काहामा गटाचे नर एकेक करून संपवले. हे जेन गुडाल यांच्या पथकाने नोंदवलं. माणसांनी केळी खाऊ घातल्यामुळे असं झालं, ही शंका बरीच वर्षं टिकून होती. २०१४ मध्ये १८ चिंपांझी गटांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा पाहिलेल्या, निष्कर्षाने काढलेल्या आणि संशयित मिळून १५२ हत्या निघाल्या, आणि माणसाच्या ढवळाढवळीशी त्यांचा मेळ बसला नाही. परगटावरच्या हल्ल्यांत मारणारे आणि मरणारा यांचं प्रमाण साधारण आठास एक. बोनोबो या चिंपांझीच्या जवळच्या नातलग वानरांच्या ४ गटांत संशयित हत्या फक्त एक. आपलं नातं दोघांशी सारखंच जवळचं, त्यामुळे एकाचंच उदाहरण देणारा वक्ता अर्धं सांगतोय.

आठास एक हा आकडा लक्षात ठेवा. मारणाऱ्याला जवळजवळ धोका नसतो, म्हणून छापा पडतो. युद्धात उलटं आहे. तिथे माणूस जाणूनबुजून अशा ठिकाणी जातो जिथे त्याचा जीव जाऊ शकतो, आणि तेही ज्यांना तो कधी भेटला नाही अशा लोकांसाठी. चिंपांझीवरून छापा समजतो, युद्ध समजत नाही.

शेतीबद्दल: २०१३ मध्ये भटक्या शिकारी-संकलक अशा २१ समाजांतल्या १४८ प्राणघातक घटना तपासल्या, तर निम्म्याहून जास्त एकट्यादुकट्याने केलेल्या होत्या. भाऊबंदकी, बाईवरून वैर, सूड. शेतीने हिंसा जन्माला घातली नाही. तिने कोठार दिलं, हद्द दिली आणि पळून जायची सोय काढून घेतली. पीक उभं असलेला माणूस पाठ फिरवून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही.

पारंबी

हे फारच कामाचं आहे. छापा आणि युद्ध यांतला फरक असा कुठे वाचला नव्हता. पण मग तो फरक भरून काढणारी गोष्ट म्हणजेच जाणीव का? आणखी दोन गोष्टी: गटातल्या एकाला 'दुसऱ्या महायुद्धात पंचवीस टक्क्यांहून कमी सैनिकांनीच गोळी झाडली' हा आकडा मांडायचा आहे, आणि एकीला आइन्स्टाइन-फ्रॉइड पत्रव्यवहार.

अनुष्टुभ

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

मराठीत आपल्याकडे चांगले शब्द आहेत, ते वेगळे वापरले तर निम्मा गोंधळ मिटतो. भान म्हणजे आजूबाजूला काय चाललंय त्याची जाण, ती कुत्र्यालाही आहे. आत्मभान म्हणजे 'हा मी' हे कळणं. चिंपांझी आरशात बघून स्वतःच्या कपाळावरचा रंगाचा ठिपका चाचपतो, हे गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये दाखवलं. तिसरी पायरी म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे याचा अंदाज, आणि त्यातही त्याच्या डोक्यातलं चुकीचं असू शकतं हे कळणं. मुलांना हे चौथ्या वर्षाच्या आसपास नीट सांगता येतं. वानरांनाही याची थोडी चाहूल असते, असं २०१६ च्या नजर टिपणाऱ्या प्रयोगांवरून दिसतं. माणूस वेगळा पडतो तो या पायऱ्या एकावर एक रचण्यात.

फळ्यावर हे वाक्य लिहा आणि सगळ्यांकडून सावकाश वाचून घ्या: 'मला तुझ्यावर वार करायचा नाही, पण तुला वाटतंय की मी करणार, म्हणजे तू आधी करशील, म्हणून मलाच आधी करायला हवा.' या वाक्यात राग कुठे आहे? द्वेष कुठे आहे? दोघंही शांतताप्रिय असले तरी वाक्य पूर्ण होतं. हे वाक्य डोक्यात रचण्यासाठी लागणारा मेंदू माणसाखेरीज कोणाकडेही नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणात याला सुरक्षेचा पेच म्हणतात. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या ग्रंथात अथेन्सचे दूत साम्राज्य हातचं न सोडण्याची तीन कारणं देतात: भीती, मान, लाभ. तिन्ही कारणांना उद्याची कल्पना करता यावी लागते. १९१४ च्या जुलैमध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, युरोपात जे घडलं ते रागाने कमी आणि 'त्यांच्या सैन्याची जमवाजमव आपल्याआधी पुरी झाली तर' या हिशोबाने जास्त घडलं.

दुसरी देणगी म्हणजे अनोळखी माणसाला 'आपला' मानता येणं. कधी आली? मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदच्या सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या कवट्यांत मेंदू आकारमानाने आजच्या एवढाच, पण कवटी मागे लांबट. आजचा गोल आकार हळूहळू, १ लाख ते ३५ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यान पुरा झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे, भोक पाडून ओवलेले इवलेसे शिंपले सापडलेत. घरच्या माणसाला आपण कोण ते सांगायला मणी लागत नाहीत. ते लांबून येणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या माणसासाठी असतात: मी अमुक लोकांपैकी. माझी खात्री आहे की परक्याला आपलंसं करण्याचं ते पहिलं साधन होतं, आणि गणवेशाचं मूळही तिथेच आहे. एकच मणी दोन्ही कामं करतो.

कोणीतरी 'तीन हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसाला आत्मभानच नव्हतं, देवांचे आवाज ऐकू यायचे' हे जरूर काढेल. ही ज्युलियन जेन्स यांची १९७६ ची कल्पना. तिचा आधार मुख्यतः जुन्या ग्रंथांची भाषा आहे, आणि ग्रंथांत एखादा शब्द नाही म्हणून माणसांत ती गोष्ट नव्हती असं होत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका.

वेळ द्यायचाच तर अशोकाच्या तेराव्या शिलालेखाला द्या. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाल्यावर कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं हलवली, एक लाख तिथे मारली, त्याच्या कित्येक पट मेली: हे आकडे स्वतः जिंकणाऱ्याने दगडावर कोरून घेतलेत. हा लेख अनेक ठिकाणी कोरलाय, त्यातल्या शाहबाजगढीच्या पाठात शब्द आहे 'अनुसोचन', म्हणजे मागाहून झालेला शोक. राजा स्वतःच्या कृत्याकडे बाहेरून बघतोय आणि ते जाहीर करतोय. आता पुढच्या ओळी. त्याच लेखात तो अरण्यातल्या लोकांना बजावतो की पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या अंगी बळ आहे, वागणं सुधारा, नाहीतर मारले जाल. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलाच नाही. तिथे त्याच्या जागी वेगळे दोन लेख आहेत. ज्यांच्यावर घाव घातला त्यांच्यासमोर आकडे मांडायचे नाहीत, हेही कोणीतरी विचार करूनच ठरवलं असणार. पश्चात्ताप, धमकी आणि श्रोत्याच्या मनाचा अंदाज, तिन्ही एकाच जाणिवेची कामं. ती उंचावली म्हणजे युद्ध आपोआप ओसरेल, असं मानणाऱ्यांनी हे तीन दगड शेजारी ठेवून वाचावेत.

(अशोकाचे लेख आपल्याकडे सोपाऱ्यालाही होते. आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे मिळाले, नवव्याचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तेरावा नाही, पण गटाला घेऊन जाता येईल.)

घोडनदी

गोळी न झाडणाऱ्या सैनिकांचा आकडा कृपया वापरू नका. तो अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ मध्ये दिला: १५ ते २५ टक्के. १९८८ मध्ये रॉजर स्पिलर यांनी मार्शल यांच्या मुलाखतींची पद्धत तपासली, तर अशी मोजणी झाल्याचा आधारच मिळाला नाही. आकडा पाडला म्हणून मूळ निरीक्षण पडत नाही: समोरासमोर मारणं बहुतेकांना फार जड जातं, अंग थरथरतं, नेम चुकतो. तुमच्या गटातल्या फौजींना ते सांगायची गरज नाही. पण टक्केवारी मांडलीत तर पहिला आक्षेप त्यांचाच येईल.

पत्रव्यवहार १९३२ चा. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य संस्थेने घडवून आणला. आइन्स्टाइनने विचारलं, माणसाला युद्धाच्या शापातून सोडवता येईल का? फ्रॉइडने मृत्यूप्रेरणा आणि जीवनप्रेरणा मांडल्या आणि संस्कृतीवर थोडी आशा ठेवली. १९३३ च्या मार्चमध्ये छापून आला तेव्हा हिटलर सत्तेवर आलेला होता. मृत्यूप्रेरणेला आज कोणी शरीरशास्त्रीय आधार देत नाही, तेव्हा तो इतिहास म्हणून वाचा, कारण म्हणून नाही. जोडीला १९८६ चं सेव्हिलचं निवेदन ठेवा. युद्ध आपल्या जनुकांत लिहिलेलं आहे असं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असं वीस शास्त्रज्ञांनी त्यात म्हटलं. ते दुसऱ्या टोकाला जरा जास्त झुकलंय असं माझं मत, पण दोन्ही शेजारी वाचली की गट आपोआप बोलायला लागतो.

सांधा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: हेन्री ताजफेल यांचा प्रयोग. १९७० च्या सुमारास ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर झाला. ठिपके मोजण्याचा अंदाज किंवा दोन चित्रकारांपैकी कोण आवडतो, असल्या फुटकळ निमित्ताने मुलांचे दोन गट केले. कोणाच्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं.

तुमच्या वीस जणांत असा करा. दाराशीच प्रत्येकाला बंद पाकिटात चिठ्ठी द्या: आत एक क्रमांक आणि निळा किंवा हिरवा ठिपका. वाटणी नाणं उडवून करा आणि तसं सगळ्यांना सांगा. मग कागद वाटा. कागदावर तेरा रकाने. वरची ओळ ७, ८, ९ करत १९ पर्यंत. हे गुण आपल्या रंगाच्या कोणा एकाला जातील. खालची ओळ १, ३, ५ करत २५ पर्यंत. हे दुसऱ्या रंगाच्या कोणा एकाला. फक्त एका रकान्यावर खूण करायची, स्वतःला काही मिळत नाही. १९ वर खूण केली तर आपल्या माणसाला सर्वात जास्त मिळतात, पण परक्याला २५. ७ वर केली तर आपल्याला सर्वात कमी, परक्याला फक्त १. बरोबर मधे १३-१३.

खुणा मोजा. ब्रिस्टलमध्ये निवडी १९-२५ पासून दूर सरकल्या. आपल्या माणसाचे गुण गेले तरी चालतील, पण तो पुढे राहायला हवा. लोकांनी हे स्वतःच्या हाताने केलेलं असतं, त्यामुळे ते विसरत नाहीत.

बिघडतं कुठे: एक, नावं घातली तर. लोक ओळखीच्या माणसाला गुण देतात, म्हणून क्रमांकच हवेत. दोन, आधी विषय सांगितला तर सगळे साळसूदपणे १३-१३ करतात. हा भाग सत्राच्या अगदी सुरुवातीला घ्या. तीन, निम्म्या कागदांवर रकाने उलट क्रमाने छापा, नाहीतर उजवीकडे खूण करायची सवयच निकाल म्हणून दिसेल. चार, वीस माणसांत निकाल न दिसण्याचीही शक्यता आहे. तसं झालं तर तसंच सांगा, ओढूनताणून दाखवू नका.

आणि हे वगळू नका. १९९० च्या दशकात जर्मनीत हाच प्रयोग गुणांऐवजी शिक्षा वाटायला देऊन केला, म्हणजे कानाला त्रास देणारा आवाज कोणाला किती वेळ. तेव्हा पक्षपात बहुतांशी नाहीसा झाला. आपल्यांना झुकतं माप देणं माणसाला सहज जमतं, परक्याला इजा करणं तितकं सहज जमत नाही. मधली दरी भरायला भीती, हुकूम आणि गोष्ट लागते. हुकुमाचं प्रमाण स्टॅन्ली मिल्ग्रमच्या १९६१ पासूनच्या प्रयोगांत दिसतं. त्यांत सामान्य माणसांना हुकूम होता की दुसऱ्याला विजेचे वाढते झटके द्या; झटके खोटे होते, पण देणाऱ्याला खरे वाटत. सगळे '६५ टक्के ४५० व्होल्टपर्यंत गेले' एवढंच सांगतात. त्याच मालिकेत शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. हुकूम देणारे दोघे आपसात भांडले तेव्हा एकही नाही. मला हे ६५ पेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तिठा

गोष्ट आणि हुकूम म्हणजे काय, ते रवांडात बघा. तिथल्या हुतू आणि तुत्सी या दोन समाजांपैकी माणूस कोण, हे १९३० च्या दशकात बेल्जियन सरकारने ओळखपत्रावर छापलं. १९९४ च्या तुत्सींच्या नरसंहारात तपासणी नाक्यावर तेच पत्र बघून माणसं मारली गेली. आरटीएलएम रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जायचं, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मग रेडिओनेच सगळं घडवलं असं सांगितलं जातं. ते बरोबर नाही. रेडिओच्या लहरी पोचणाऱ्या आणि डोंगराआड न पोचणाऱ्या गावांची तुलना केली तेव्हा सहभागाचा साधारण दहा टक्के भाग रेडिओमुळे असल्याचा अंदाज निघाला. स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगातल्या २१० गुन्हेगारांशी बोलून जे काढलं त्यात जुना द्वेष मागे होता. पुढे होतं युद्धाचं भय आणि दारात आलेल्या शेजाऱ्यांचा दबाव: चल, नाहीतर तूही त्यांच्यातला.

मन फिरवायचं कसं, यावरही तिथूनच शिकता येतं. नरसंहारानंतर 'मुसेकेवेया' नावाची रेडिओ श्रुतिका सुरू झाली, दोन काल्पनिक गावांच्या वैराची. एलिझाबेथ पॅलक यांनी काही गटांना वर्षभर ती ऐकवली, बाकीच्यांना आरोग्यावरची दुसरी. लोकांची वैयक्तिक मतं फारशी हलली नाहीत. हललं ते 'आपल्या गावात काय चालतं, काय बोललेलं खपतं' याबद्दलचं मत. शेवटी प्रत्येक गटाला एक कॅसेट प्लेअर आणि बॅटऱ्या भेट दिल्या. आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांत तो पटकन गावच्या मुखत्याराकडे सोपवला गेला. मुसेकेवेया ऐकलेल्यांनी बसून चर्चा केली आणि आपणच सांभाळायचं ठरवलं. ज्या देशात वरून आलेला हुकूम निमूट पाळल्याने लाखो मेले, तिथे बॅटऱ्या कोणी ठेवायच्या यावर वाद होणं ही केवढी गोष्ट आहे.

'एकत्र आणा, मनं जुळतील' हेही तपासून घ्या. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात निरनिराळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या लीग खेळवल्या. एकाच संघात मिसळलेल्यांच्या परजातीत मैत्र्या वाढल्या. फक्त समोरच्या संघात परजातीचे असलेल्यांचा फायदा झाला नाही, काही बाबतींत उलटच झालं. नुसता संपर्क पुरत नाही, विकेट दोघांची मिळून पडायला हवी. इराकमध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम खेळाडूंच्या फुटबॉल संघांतही मैदानावरचं वागणं सुधारलं, मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांपर्यंत ते पोचलं नाही.

आणि मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांचा ओक्लाहोमातला १९५४ चा मुलांच्या शिबिराचा प्रयोग, ज्यात दोन गट पाडल्यावर त्यांच्यात वैर पेटलं, कोणी मांडला तर १९५३ चाही सांगा. त्यात त्यांनी मुलांची आधी मैत्री होऊ दिली आणि मग गट पाडले. चिथावण्या देऊनही मुलं भांडली नाहीत, उलट मोठ्यांवरच संशय घ्यायला लागली. तो प्रयोग फसला म्हणून गुंडाळला. पुस्तकांत यशस्वी झालेलाच येतो.

पारंबी

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: पाकिटातल्या रंगांऐवजी खरेच गट घेतले तर, म्हणजे आडनाव, गाव, पेठ? लोकांना जास्त भिडेल असं एकाचं म्हणणं.

सांधा

नको. खरे गट घेतले की आधीचा इतिहास, देणीघेणी, अपमान सगळं सोबत येतं. मग झुकतं माप नुसत्या विभागणीमुळे पडलं की जुन्या कारणाने, हे वेगळं काढता येत नाही आणि प्रयोगातला मुद्दाच जातो. शिवाय सत्र संपल्यावर त्या खुणा कोणाच्या, हे लोक ओळखायचा प्रयत्न करतात आणि ते वैर खोलीबाहेर जातं. निळा-हिरवा ठेवा, कागद गोळा करून मोजा आणि सगळ्यांसमोर फाडा.